डावीकडे दाबलं की उजवीकडे

स्क्विड आर्म, न्यूफाउंडलंड
मार्चचा दुसरा सोमवार

तीर्थरूप सेल्बीदादास,

धाकट्या ड्रुसिलाचा नमस्कार. मोठ्या भावाला वाकून नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण मी वाकले तर मला पुन्हा उभं करायला दोन बायका बोलवाव्या लागतील, तेव्हा ताठ मानेचाच नमस्कार घे. मान ताठ का आहे ते पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? डावा की उजवा ते तू लिहिलं नाहीस, म्हणून मी दोन्हींसाठी प्रार्थना केली. ज्याला लागू पडेल त्याने घ्यावी. इकडे सगळं खुशाल आहे. छप्पर खुशाल, शेगडी खुशाल, मी खुशाल. नळ पंधरा दिवस गोठला होता, आता तोही खुशाल. पत्र व्हर्ना लिहितेय. माझा मुलगा गार्लंड अल्बर्टाला तेलाच्या कामावर गेला की तीन आठवडे माझी ही सून वरच्या घरातून दिवसातून तीनदा खाली येते, मी जिवंत आहे का ते बघायला. (तीनदा नाही, दोनदा. आणि डबा घेऊन येते. – व्हर्ना) मी बोलेन तेच लिहायचं, अशी अट घातली आहे, आणि मध्येच काही घुसडायचं असेल तर कंस करून खाली नाव टाकायचं, म्हणजे तुला चोर कोण ते कळेल.

अक्षराची आणि माझी कधी गाठच पडली नाही, हे तुला सांगायला नको. शाळा भरायची त्या महिन्यांत मासे वाळत घालायचे असत, आणि मासे वाळेपर्यंत शाळेचं दार बर्फाने बुजलेलं असे. तू मोठा म्हणून शाळेत गेलास, तीन इयत्ता शिकलास आणि हॅमिल्टनला पोलादाच्या कारखान्यात गेलास. मी शिकले नाही म्हणून घरी राहिले. ह्यात कोणाचं भलं झालं ह्यावर आपण समोरासमोर बसून बोलू.

तुझं पत्र हिवाळी जत्रेच्या आदल्या आठवड्यात पोचलं. व्हर्नाने ते दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मी रागावले आणि दुसऱ्यांदा ऐकलं. तू लिहितोस, ड्रुसी, हट्ट सोड, घर बंद कर, गँडरच्या वृद्धाश्रमात जा, मीही इथे हॅमिल्टनच्या वृद्धाश्रमात आलोच ना, सूप गरम असतं, लिफ्ट आहे, आणि खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. हे सगळं माझ्या गार्लंडने फोन करून तुझ्याकडून लिहवून घेतलं, हे कळायला मला अक्षरं यावी लागत नाहीत. घरातलं मोठं माणूस सांगेल तर आई ऐकेल, असं त्याला वाटतं. त्याला काय ठाऊक, घरातल्या मोठ्या माणसाला मी सहा वर्षांची असताना धक्क्यावरून पाण्यात ढकललं होतं. आणि मीच आकड्याने ओढून बाहेर काढलं, हेही लिही. लिहिलंस? ठीक. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. उत्तर आधी बर्फावर द्यायचं होतं, कागदावर नंतर.

ह्या सगळ्याची सुरुवात जानेवारीत झाली. एक नर्सबाई घरी आली. गोड पोरगी, बूट दाराबाहेर काढून आली, चहात टिनचं दूध चालतं म्हणाली, म्हणून मी तिला बसू दिलं. तर ती माझी परीक्षा घ्यायला आली होती! आज वार कोणता? सांगितला. शंभरातून सात सात वजा करत जा. गेले, ती पुरे म्हणेपर्यंत. जिने साठ वर्षं पत्ते कुटले तिला वजाबाकी विचारतात. मग तिने एक पुठ्ठा माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, आजी, ह्यावर लिहिलंय तसं करा. मी पुठ्ठ्याकडे पाहिलं, पुठ्ठ्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ आम्ही दोघं एकमेकांना जोखत होतो. मला वाचता येत नाही हे मी परक्या माणसाला सांगत नाही. लाज म्हणून नव्हे, सवय म्हणून. नंतर व्हर्नाने सांगितलं, त्यावर लिहिलं होतं ‘डोळे मिटा’. म्हणजे बघ, चौऱ्याऐंशी वर्षं मी डोळे उघडे ठेवून जगले आणि डोळे उघडे ठेवले म्हणूनच नापास झाले! शेवटी म्हणाली, मनात येईल ते एक वाक्य लिहा. मी तिला होडी काढून दिली. शीड, दांडा, वल्ही, सगळी. आपल्या बापाची सही तीच होती आणि माझीही तीच आहे. पोरीने होडीपुढे शून्य मांडलं. बापाच्या होडीला शून्य! महिन्याभराने गार्लंडच्या हाती कागद पडला, की ह्या बाईंचं एकटीने निभावेल की नाही ह्याची शंका वाटते, आणि मागोमाग गँडरची रंगीत पुस्तिका आली. तिच्यात सगळ्या म्हाताऱ्या हसत होत्या. एकीच्याही हातात काम नव्हतं.

आता गाडीचं सांगते. नाताळात चर्चच्या हॉलमध्ये पत्त्यांचे, ‘एकशेवीस’चे डाव झाले. पहिलं बक्षीस झाकून ठेवलेलं आणि दुसरं बक्षीस टेबलावर उघडं, डुकराच्या मांडीची चांगली बारा पौंडांची हॅम. मी हॅमसाठीच खेळत होते. शेवटच्या डावात नेमकी हुकमाची पंजी, ह्या खेळातलं सगळ्यांत वरचं पान, माझ्या हातात आली. आता पंजी हातात असताना मुद्दाम हरायचं म्हणजे देवाच्या घरात खोटं बोलायचं. टाकली टेबलावर, जिंकले, आणि हॅम गेली ह्यूबर्ट पेलीकडे. तोच तो, करमणूक समितीचा अध्यक्ष, साठीचा झाला तरी बापाच्या टोपीत फिरतो. माझ्या पदरात पडलं ते खोकं. खोक्यात लाल गाडी, हात-दीड हात लांब, चाकं टपोरी, आणि एक रिमोट. सगळा हॉल हसला. व्हर्ना म्हणाली, आई, शाळेतल्या मुलांना देऊन टाका. ह्यूबर्ट म्हणाला, ड्रुसीमावशी, हॅमशी बदलूया का? दोन मिनिटांपूर्वी बदलली असती. पण तो पुढे म्हणाला, तुमच्या वयाला ही झेपायची नाही. संपलं. खोकं काखेत मारून घरी आले.

तुला हे ठाऊक नसेल, तू गेलास तेव्हा लोक हिवाळ्यात जाळी विणायचे. आता निम्मं गाव रविवारी प्रार्थना झाली की तळ्यावर जमतं आणि गोठलेल्या पाण्यावर ह्या गाड्या पळवतं. दाढी पिकलेले बाप्ये, नाकं लाल, हातात रिमोट, आणि भाषा अशी की पाद्रीबाबा टोपी कानांवर ओढून घेतात. गाडीत पाणी जाऊ नये म्हणून कुणी काय मागवतं, कुणी काय. मी वडिलांचं जुनं तेलकापड कापून माझ्या गाडीला आतून अंगरखा शिवला. चाकं बर्फावर घसरतात म्हणून लोक आयते खिळेदार टायर मागवतात. मी वडिलांचे सीलच्या शिकारीचे बूट आठवले, तळाला खिळे ठोकलेले, आणि व्हर्नाकडून प्रत्येक चाकात आतून बाहेर बारीक स्क्रू बसवून घेतले. (दोनशे सोळा स्क्रू. अंगठ्याला अजून घट्टा आहे. – व्हर्ना) थंडीत बॅटरी मान टाकते, हे सगळ्यांचं रडगाणं. त्यावर बटाटा. आठवतं, आपण लाकडं आणायला जाताना आई दोन्ही हातमोज्यांत एकेक भाजलेला बटाटा घालायची? तस्साच. बॅटरी मधे, दोन्हीकडून गरम बटाटे, वरून लोकरी मोजा. आणि शर्यत संपली की बॅटरी काढून ठेवायची आणि बटाटे खायचे. हे कुठल्याही दुकानातल्या वस्तूला जमत नाही.

पण चालवायला मात्र आधी येईना, खोटं कशाला बोलू. ह्यूबर्ट शिकवायला आला. पिस्तुलासारखं धरायचं मावशी, बोटाने खटका दाबला की पळते, बाजूचं चाक डावीकडे फिरवलं की डावीकडे वळते. सोपं. गाडी पहिल्या दिवशी लाकडांच्या ढिगात गेली, दुसऱ्या दिवशी कोंबड्यांत, आणि तिसऱ्या दिवशी चहाला आलेल्या पाद्रीबाबांच्या नडगीवर. माझा हात मुळातच उलटा, दादा. पन्नास वर्षं मी होडी हाकली. होडीला चाक नसतं, सुकाणूचा दांडा असतो, आणि दांडा डावीकडे लोटला की होडी उजवीकडे वळते. हे माझ्या डोक्यात नाही, खांद्यात आहे. आता कुठला डॉक्टर ते काढणार? मग एके दिवशी रिमोट चाचपताना अंगठ्याला एक बारीकसं बटण लागलं, भाताच्या शितापेक्षा लहान. शेजारी काहीतरी लिहिलेलं आहे, पण ते ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी. मी बटण वर सरकवलं. आणि गाडी शहाणी झाली! डावीकडे दाबलं की उजवीकडे. थेट आपल्या होडीसारखी. वर गंमत ऐक. गाडी लांब गेली की सगळ्यांना जमतं, पण ती तोंड फिरवून स्वतःकडे यायला लागली की ह्या बाप्यांची डावी-उजवी उलटी होते आणि ते एकमेकांवर जाऊन आदळतात. माझं नेमकं तिथे सोपं. जाताना गाडीला होडी समजायचं, येताना बकरी. ज्या बाजूला हाकलली त्या बाजूला आली. बटणाचं गुपित मी कुणाला सांगितलं नाही. ह्यूबर्टने एकदा माझा रिमोट हातात घेतला आणि गाडी स्वतःच्याच स्नोमोबिलखाली घातली, तेव्हापासून गावात बोलतात, ड्रुसीमावशीची गाडी दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. (मला बटणाचं कळलं होतं. – व्हर्ना) तुला काय कळलं होतं ते तू तुझ्या पत्रात लिही.

फेब्रुवारीत गार्लंडचा फोन आला. गँडरला जागा रिकामी झाली आहे, म्हणजे कोणीतरी मेलं, आणि ती ईस्टरपर्यंत धरून ठेवतील. मी म्हटलं, मी गाडी पळवणारी बाई आहे, मला जागा कशाला? तो म्हणाला, आई, चौऱ्याऐंशीव्या वर्षी तू बर्फावर खेळण्यातली गाडी पळवतेस, हेच तर मी त्यांना सांगितलं. मी म्हटलं, जत्रेच्या शर्यतीत पहिली आले तर? तो हसला. माझाच मुलगा, माझंच हसू, पण अल्बर्टाहून येता येता त्याची धार वाढली होती. म्हणाला, पहिली आलीस तर पुन्हा गँडरचं नाव काढणार नाही, आणि नाही आलीस तर ईस्टरला बॅग भरायची, तोंडातून शब्द काढायचा नाही. मी म्हटलं, लिहून दे. तो म्हणाला, तुला वाचता कुठे येतं? मग मी म्हटलं, व्हर्नाला येतं. आणि व्हर्नाने दिनदर्शिकेच्या मागे लिहून घेतलं. म्हणजे दादा, ही शर्यत खेळण्याची नव्हती. ह्या चुलीची होती, ह्या खिडकीची होती, आणि ज्या पलंगावर मी चार पोरं जन्माला घातली त्या पलंगाची होती.

शर्यतीच्या दिवशी पौर्णिमा होती. मी सकाळी खिडकीतूनच बघितलं, ओढ्याच्या तोंडावरचा बर्फ करडा झालेला. आपलं तळं तुला आठवतच असेल, गोट्यांच्या बांधामागचं, एका अरुंद वाटेने समुद्राचं पाणी आत घेणारं. ओढा जिथे मिळतो तिथेच वडिलांचा घोडा आत गेला होता, तोही पौर्णिमेच्या भरतीलाच. आणि समितीने नेमकी तिथूनच सरळ धाव आखली होती! दहा फेऱ्या, वळणावर तेलाची रिकामी पिंपं, आणि ओढ्याच्या तोंडावरून लांबलचक सपाट पट्टा. मी ह्यूबर्टला म्हटलं, बाबा, भर दुपारची भरती आहे, घोडा गेला त्या जागी भेग उघडणार. त्याने सकाळी नऊ वाजता गिरमिटाने भोक पाडून बघितलेलं. म्हणाला, आठ इंच आहे मावशी, आणि घोडा होता साडेतीनशे किलोचा, ही गाडी अडीच किलोची. मी म्हटलं, भेगेला वजन लागत नाही रे, भरती लागते. तो म्हणाला, मावशी, घाबरत असाल तर इथे शेकोटीपाशी बसा, तुमच्यासाठी वाटाण्याचं सूप राखून ठेवलंय. सूप! जो तो मला सूपच दाखवतो.

बारा गाड्या सुटल्या. पहिल्याच वळणावर बाकीच्या अकरा पिंपाला घासून सरळ पट्ट्यावर गेल्या आणि माझी एकटी बाहेरच्या अंगाला, किनाऱ्याच्या दगडांकडे. लोक हसले. नियम एवढाच होता की पिंपाच्या बाहेरून जायचं. किती बाहेरून, हे लिहायला शिकलेली माणसं विसरली होती. मी ओढ्याच्या तोंडाला लांब वळसा घालून, कडेच्या जाड, दगडांना चिकटलेल्या बर्फावरून गाडी आणली. एक फेरी झाली, दोन झाल्या, बाकीच्यांच्या तीन झाल्या. ह्यूबर्ट मला एका फेरीने मागे टाकून गेला आणि जाताना ओरडला, मावशी, वाटेत पोस्टात जाताय का? मी म्हटलं, पोस्टात नाही, दफनभूमीत, तुझ्या गाडीला जागा बघायला. (खरंच म्हणाल्या. मी शेजारीच उभी होते. – व्हर्ना) पाचव्या फेरीला दोन गाड्यांची बॅटरी थंडीने गेली. माझ्या बॅटरीला दोन बटाट्यांची ऊब, ती कसली जाते.

आणि मग मला आवाज आला. भरती बर्फाच्या पोटाखाली शिरली की बर्फ आधी कण्हतो. बाळंतीण कण्हते तसा, खालून, दमाने. कुणाचं लक्ष नाही, सगळे ओरडतायत. मी म्हटलं, आली. भेग उघडली ती कोणी शिवण उसवल्यासारखी, सरळ पट्ट्याच्या आडवी, दोन हात रुंद. ह्यूबर्टची गाडी सगळ्यांत पुढे, सगळ्यांत वेगात, आणि गडप. पाण्यावर एक बुडबुडा आला, तोसुद्धा मोठ्या रुबाबात. मागच्यांनी ब्रेक दाबले. अरे, बर्फावर ब्रेक दाबला की गाडी थांबते होय? ती फक्त तोंड फिरवून मरते. एकामागून एक, मेंढ्यांनी कुंपणावरून उड्या टाकाव्यात तशा, ह्यूबर्टची धरून नऊ गाड्या ओळीने आत गेल्या. नऊ बाप्ये रिमोट हातात धरून उभे. काही जण अजून चाक फिरवत होते. तळ्यावर इतकी शांतता मी आपल्या बापाच्या अंत्ययात्रेलाही ऐकली नव्हती. त्या शांततेत एकच घरघर, माझी. फेरी सहावी, सातवी, आठवी. एकटी गाडी, एकटी म्हातारी, आणि सगळं गाव थंडीत पाय आपटत ती दहा फेऱ्या कधी पुऱ्या करते ह्याची वाट बघतंय. मी घाई केली नाही. नवव्या फेरीला तर जरा हळूच घेतली.

शेकोटीपाशी ती नर्सबाई उभी होती, हातात सूपचा पेला, तोंड उघडं. मला म्हणाली, आजी, तुम्हाला कळलं कसं? मी म्हटलं, पोरी, मी सांगते तसं कर. डोळे मिट. तिने मिटले. मी म्हटलं, ऐक. बर्फ कण्हतच होता. तिच्या कपाळावर आठी पडली, म्हणजे तिलाही ऐकू आलं. मी म्हटलं, झालं, तू पास.

बक्षीस वाटताना आणखी एक गंमत. पहिलं बक्षीस पुन्हा गाडीच, ह्या खेपेला निळी. आणि दुसरं बक्षीस, दादा, हॅम! मी ह्यूबर्टला विचारलं, माझ्यामागून कोण आलं? तो म्हणाला, कोणी नाही. मी म्हटलं, मग शेवटी कोण आलं? तो म्हणाला, तसं बघितलं तर तुम्हीच. मी म्हटलं, मग पहिल्यापासून शेवटापर्यंतचं सगळं माझं, आण इकडे हॅम. त्याने आणली, आणि वर निळ्या गाडीचं खोकंही उचलून घरापर्यंत आला. वाटेत म्हणाला, मावशी, घोड्याचं खरं होतं. मी म्हटलं, घोड्याला सांग. (ओहोटीला आठ गाड्या आकड्याने बाहेर काढल्या. नववी ह्यूबर्टची, ती सापडली नाही. – व्हर्ना)

गार्लंडला फोनवर सांगितलं. आधी फोनमधून नुसता अल्बर्टाचा वारा ऐकू येत होता. मग म्हणाला, आई, तू जिंकलीस हे ठीक, पण तू एकटी असतेस हे कुठे बदललं, आणि मामानेही लिहिलंय, आपण उन्हाळ्यात बघू. बघू! दिनदर्शिकेच्या मागे बघू असं लिहिलेलं नाही. व्हर्नाने त्याला ते फोनवर वाचून दाखवलं, एकेक अक्षर सुटं करून. आता तो तुझ्या पत्राच्या आड लपून बसलाय. तेव्हा मी तुला स्पष्ट सांगते, थोरला भाऊ आहेस, तुझ्या शब्दाचा मान ठेवीन, पण तो शब्द तुझा असेल तर. गँडरला मी जाणार नाही. चालत नाही, गाडीतून नाही, झोपवून नाही. न्यायचंच असेल तर होडीत बसवून न्या, आणि दांडा माझ्या हातात असेल.

वहिनीच्या थडग्यावर माझ्या वतीने फूल ठेव. गुडघ्याला सीलचं तेल चोळ; वास येतो म्हणून तिथल्या बायका नाकं मुरडतील, त्यांना मुरडू दे.

तुझी धाकटी,
ड्रुसिला

ता. क. आता मुद्द्याचं. तुझं ते पत्र मी तिसऱ्यांदाही वाचून घेतलं. सूप तू एकदा लिहिलंयस, लिफ्ट एकदा, आणि गाड्या लावायच्या जागेकडे तोंड केलेली ती खिडकी तीनदा. मला अक्षरं येत नाहीत, पण तीन आणि एक ह्यांतला फरक कळतो. मागच्या खोलीतली शेगडी मी साफ करून घेतली आहे. निळी गाडी कपाटावर ठेवली आहे आणि चाकांत स्क्रू बसवायचं काम चालू आहे. मे महिन्यात बर्फ फुटला की पहिल्या बोटीने ये. गार्लंडची तक्रार मी एकटी राहते एवढीच आहे ना? मग मिटली. बॅग लहान आण. तिथे कशावरही सही करू नकोस, तू वाचता येणारा असल्यामुळे तुला फसवणं सोपं आहे.

ता. क. (व्हर्नाचा). मामा, नमस्कार. हे मी आईंना वाचून दाखवणार नाही. त्या लांबून गेल्या हे खरं, पण पहिल्या वळणावर का गेल्या ते मला ठाऊक आहे. शर्यतीच्या सकाळी रिमोट पुसताना मला ते बटण उलटं सरकलेलं दिसलं. आईंचं ते असंच असतं हे मला माहीत होतं, तरी शेजारी ‘उलट’ असं छापलेलं वाचलं आणि घाईत हाताने ते ‘सरळ’ करून टाकलं. शर्यत सुरू झाल्यावर गाडी दगडांकडे पळाली तेव्हा मी काय करून ठेवलंय ते माझ्या लक्षात आलं. म्हणजे माझी चूक झाली नसती तर त्यांचीही गाडी त्याच पट्ट्यावर गेली असती का, हे मला कळत नाही, आणि विचारायची हिंमत नाही. कोणाला तरी सांगायचं होतं. तुम्ही मात्र या. कपाटावरच्या निळ्या गाडीला त्यांनी तुमचं नाव दिलंय आणि रोज सकाळी तिला आळशी म्हणतात. मीही गार्लंडला सांगितलंय, की मामा आले तर दोघांचा डबा मी करीन आणि गँडरची पुस्तिका चुलीत घालीन.

ता. क. पुन्हा मीच. मी ‘लहान बॅग आण’ म्हटल्यावर सहीबद्दल एक ओळ सांगितली आणि थांबले. पेन मात्र बराच वेळ चालत होतं. मी विचारलं, काय लिहितेस? म्हणाली, पत्ता. मी म्हटलं, हॅमिल्टन एवढं मोठं कधीपासून झालं? कान तांबडे झाले तिचे. बटणाचं लिहिलं असणार. लिहू दे. दादा, माझ्या अंगठ्याला ते शिताएवढं बटण बरोबर कळतं. पहिल्या वळणावर गाडी दगडांकडे वळली तेव्हाच मी ते वर सरकवून जागेवर बसवलं. पहिली फेरी तिची होती, बाकीच्या नऊ माझ्या मर्जीच्या. मला कुठून जायचं ते पौर्णिमेने सकाळीच सांगितलं होतं. तिला काही बोलले नाही, कारण न मागता माझी वस्तू सरळ करून ठेवणारं माणूस मला ह्या वयात दुसरं कुठून मिळणार? हॅमचं हाडाकडचं, चांगलं मांसाचं टोक तिलाच दिलं. (मी काही बोलत नाही. – व्हर्ना) बोलू नकोस, नाक पूस आणि लिही.

खाली माझी सही काढते आहे. होडी नीट बघ. दांडा डावीकडे लोटलेला आहे. पोलादात जन्म घालवलास तरी एवढं विसरला नसशील, की मग होडी कुठल्या बाजूला वळते. व्हर्ना म्हणते, नकाशावर हॅमिल्टनहून घर त्याच बाजूला आहे.